झिंगे घातलेला पास्ता

आर. के. पुरम, नवी दिल्ली
८ सप्टेंबर २०२४

आत्या, जय भीम.

मी लुंबिनी. तुमच्या भावाची, संघपालची मुलगी. तुम्ही आमचे फोन उचलत नाही म्हणून पत्र लिहितेय. पत्ता आजीच्या जुन्या वहीत सापडला. तुमचं पवनीचं घर तेच आहे ना? माझं मराठी लिहिणं वीक आहे. शाळेत हिंदी होती. मराठी मला आजीने शिकवली, ती पण पाटीवर. चुका झाल्या तर प्लीज माफ करा.

एक छोटंसं काम आहे. मला झिंगे साफ करायला शिकायचं आहे.

पप्पांची तब्येत सध्या थोडी ढिली असते. जेवणात मन लागत नाही. मला त्यांच्यासाठी पास्ता बनवायचा आहे, झिंगे घालून. पास्ता म्हणजे शेवयांसारखाच असतो, फक्त जाड. तो मला येतो. पण झिंग्यांचं काही कळत नाही. मम्मी नागपूरची असूनही माशांना हात लावत नाही, वासानेच तिचं डोकं दुखतं. आजी होती तेव्हा आयएनए मार्केटमधून झिंगे आणायची आणि बाल्कनीत बसून साफ करायची. मी बघायचे, पण नीट कधी बघितलंच नाही. पप्पा सांगतात की पवनीला नदीचे झिंगे तुम्हीच सगळ्यात छान साफ करायच्या.

मोबाइलवर व्हिडिओ खूप आहेत यार, पण ते लोक आधीच साफ केलेले झिंगे घेतात. तुम्ही लिहून पाठवाल का? घाई नाही.

तुमची
लुंबिनी

पवनी
१७ सप्टेंबर २०२४

चि. लुंबिनी,

पत्र मिळालं. ‘यार’ हा शब्द आत्याला लिहायचा नसतो.

तुझा बाप फेब्रुवारीपासून डायलिसिसवर आहे, हे मला नागपूरच्या नातेवाइकांकडून कळलं. ‘तब्येत थोडी ढिली’ म्हणे. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलं काय लपवतात ते मला वाक्याच्या सुरुवातीलाच कळतं. झिंगे साफ करायला शिकण्यासाठी कुणी दिल्लीहून पवनीला पत्र लिहीत नाही.

तेव्हा सरळ लिहिते. त्याला किडनी हवी आहे. सख्खी बहीण एकच आहे. तुझ्या आईला शुगर आहे, हेही मला माहीत आहे. त्याने तुला सांगितलं असेल, तू लिही, पोरीला ताई नाही म्हणणार नाही. त्याला सांग, मागायचं असेल तर स्वतःच्या हाताने लिहावं. आमची आई त्याच्या घरी वारली आणि पाच दिवस त्याचा हात फोनकडे गेला नाही. मला माझ्या आईच्या मरणाची बातमी एका लांबच्या नातेवाइकाच्या श्रद्धांजलीच्या मेसेजमधून कळली. आता त्याच हाताने लेकीला पेन दिलं का?

तुझ्यावर राग नाही. तू अभ्यास कर.

रमाआत्या

आर. के. पुरम
२३ सप्टेंबर २०२४

आत्या,

तुमचं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग राग आला. मग वाटलं, लपवलं तर मीच होतं. म्हणून आता सगळं खरं लिहिते.

पप्पांना माहीतच नाही की मी तुम्हाला लिहिलं. त्यांनी किडनीचं नाव कधी काढलं नाही, तुमच्या बाबतीत तर बिल्कुल नाही. मी म्हणाले होते की मी देते, मी एकोणीस वर्षांची आहे, कायद्याने चालतं. तर त्यांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं बंद केलं. मला खरंच फक्त झिंगे साफ करायचे होते.

सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांना मशीनवर चार तास बसावं लागतं. दिवसाला पाणी एक लिटर, ते पण मोजून. भाजी चिरून दोन तास पाण्यात ठेवायची, ते पाणी फेकायचं, मग उकडायची, ते पाणी पण फेकायचं. मीठ नाही. टोमॅटो नाही. पप्पा म्हणतात, सरकारी फाइल उकडून खाल्ल्यासारखं लागतं. गेल्या महिन्यात त्यांचं वजन सहा किलो कमी झालं. आहाराच्या मॅडम म्हणाल्या की प्रोटीन जायलाच पाहिजे. मी लिस्ट वाचली. पांढरा पास्ता चालतो, कारण तो खूप पाण्यात उकडून पाणी फेकता येतं. ताजे झिंगे सहा-सात चालतात. लसूण चालतो. म्हणून पास्ता.

आता दुसरी गोष्ट. ही मला कुणी लिहायला सांगितली नाही.

२०२१ च्या मेमध्ये, कोरोनाच्या लाटेत, मी पंधरा वर्षांची होते. आजी गेली त्या दिवशी आतोबा नागपूरला आयसीयूमध्ये होते आणि तुम्ही हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसून होता, हो ना? पप्पा बाल्कनीत उभे राहून तुमचा नंबर लावायचे आणि रिंग जायच्या आधी कट करायचे. मी मोजलं नाही, पण खूप वेळा. मम्मी म्हणाली, सांगून टाका. पप्पा म्हणाले, “तिकडे तिचा नवरा श्वासासाठी झगडतोय, इकडून मी आई गेली म्हणून सांगू? तिने त्या बाकावर कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवायचं?” ते आतोबा वॉर्डमध्ये यायची वाट बघत होते. सहाव्या दिवशी आतोबा वॉर्डमध्ये आले. पण मेसेज तुम्हाला आदल्या संध्याकाळी मिळाला होता.

ते चुकले की नाही ते मला नाही कळत. पण त्यांचा हात फोनकडे गेला नाही, असं नाही. गेला होता.

लुंबिनी

पवनी
२ ऑक्टोबर २०२४

लुंबिनी,

तुझं पत्र पाच दिवस टेबलावर आहे. रोज वाचते.

त्यावर आज काही लिहीत नाही. मला जमणार नाही. झिंग्यांचं लिहिते.

झिंगे घेताना डोकं घट्ट चिकटलेलं बघ. लोंबत असेल तर शिळे. वास नदीसारखा यावा, नालीसारखा नाही. घरी आणलेस की आधी डोकं पिरगळून काढ. मग पोटाकडून, पायांच्या बाजूने साल सोल, ते बनियनसारखं निघतं. शेपटीचं टोक चिमटीत धरून ओढ, म्हणजे आतलं टोक तुटत नाही. आता पाठीवर सुरीने बारीक चीर दे. आत काळा दोरा दिसेल. तो सुरीच्या टोकाने उचल आणि हळू ओढून काढ, तुटू देऊ नकोस. तो राहिला तर जेवणात कचकच लागते आणि पोट बिघडतं. संघूच्या बाबतीत ते परवडणार नाही. एकेक झिंगा उजेडात धरून बघ. इथे आम्ही मीठ लावून चोळतो, पण त्याला मीठ चालत नाही म्हणतेस, तर नुसती हळद लाव आणि तीन पाण्यांनी धू.

आणि लक्षात ठेव, झिंगे जास्त शिजवायचे नाहीत. रंग बदलून आकड्यासारखे वळले की झाले. त्यापुढे गेले की रबर होतात. आई एवढ्याचसाठी मला चुलीजवळून हलू द्यायची नाही.

हातांचा वास जात नाही. लिंबाची साल चोळ, म्हणजे तुझ्या मम्मीचं डोकं दुखणार नाही.

सहज विचारते, संघूचा रक्तगट कोणता? लहानपणी शाळेत काढला होता, मी विसरले. आणि डॉक्टरांचं नाव काय, कुठल्या दिवशी भेटतात?

मला तुम्ही-तुम्ही काय करतेस? लहान होतीस तेव्हा ‘तू’ म्हणून माझ्या वेण्या ओढायचीस.

रमाआत्या

आर. के. पुरम
१४ ऑक्टोबर २०२४

आत्या, आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. तुला खूप खूप जय भीम!

झाला पास्ता. काल, रविवारी. सगळं सांगते.

सकाळी आयएनएला गेले. भैया म्हणाला, “साफ करके दूँ?” मी म्हटलं, नको, मला येतं. खोटं बोलले. तुझं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओट्यावर भिंतीला टेकवलं आणि एकेक ओळ वाचून केलं. पहिल्या तिघांचा दोरा तुटला. चौथ्याचा अख्खा निघाला, तेव्हा मी एवढ्याने ओरडले की मम्मी नाकाला पदर लावून बघायला आली. मग तिने स्टूल आणलं आणि दारात बसून राहिली. लांबूनच, पण बसली.

पास्ता मोठ्या पातेल्यात उकडला, पाणी फेकलं. कढईत थोडं तेल, चार पाकळ्या लसूण ठेचून. लसूण तपकिरी व्हायच्या आत झिंगे टाकले. तू म्हणालीस तसे वळले. मी लगेच पास्ता टाकला, मिरपूड, थोडी कोथिंबीर, लिंबू अर्ध्या फोडीएवढं. मीठ नाही. दिसायला अगदी पांढरं-गुलाबी. मला वाटलं, बेचव लागणार.

पप्पांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मला वाटलं, गेलं. ते म्हणाले, “दोरा कुणी काढला?”

“मी.”

“तुला कुणी शिकवलं? हे असं शेपटीचं टोक न तोडता फक्त रमाताई सोलते.”

मी खोटं बोलू शकले नाही. पत्र ओट्यावरच होतं. त्यांनी हात पुसले, खिडकीजवळ जाऊन वाचलं. पान उलटून परत पहिल्यापासून वाचलं. आत्या, मी घाबरले. पण ते परत येऊन बसले आणि सगळा पास्ता खाल्ला. सगळा. कित्येक महिन्यांनी ताट रिकामं. मग पत्र शर्टाच्या खिशात ठेवलं. आज डायलिसिसला जातानाही ते खिशातच होतं, मी बघितलं.

मला माहीत नाही की याचा अर्थ काय. पण थँक्यू. मराठीत आभारी आहे म्हणतात ना? ते फार छोटं वाटतं.

रक्तगट बी पॉझिटिव्ह. डॉक्टर मंगळवारी आणि गुरुवारी भेटतात. नावाची चिठ्ठी सोबत जोडली आहे. कशाला विचारलंस?

तुझी लुंबिनी

आर. के. पुरम
२० एप्रिल २०२५

आत्या,

तुला जाऊन तीन आठवडे झाले. फोनवर रोज बोलतो, तरी हे मुद्दाम पत्रात लिहितेय, कारण फोनवर तू ‘पुरे, पुरे’ म्हणून विषय बदलतेस. पत्रात तुला मधेच बोलता येणार नाही.

मला नोव्हेंबरची ती सकाळ अजून दिसते. बेल वाजली, मी दार उघडलं, तू उभी. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तपासण्यांची फाइल. चार वर्षांनी भेटत होतीस आणि पहिलं वाक्य काय, तर “संघू उठलाय का? डॉक्टर मंगळवारीच भेटतात ना?” पप्पा दरवाजात आले. ते नाही-नाही म्हणत राहिले, तुझं वय, तू एकटी असतेस. तू म्हणालीस, “मी मोठी आहे. तू गप्प बस.” आणि ते खरंच गप्प बसले! पप्पांना कुणी असं गप्प केलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

आणि हॉस्पिटलच्या अवयवदानाच्या कमिटीसमोरचं. त्या साहेबांनी विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का, आणि तू म्हणालीस, “दबाव माझाच आहे, त्याच्यावर.” मी हे कॉलेजमध्ये सगळ्यांना सांगितलंय.

ऑपरेशनच्या दिवशी तुम्हा दोघांना एकामागून एक आत नेलं, तेव्हा मम्मी आणि मी हात धरून बसलो होतो. त्या सात तासांबद्दल मी तुला कधी बोलले नाही. मला वाटत होतं, मी झिंग्यांचं पत्र लिहिलं नसतं तर तू आज तुझ्या घरी नीट असतीस. तुला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं. तू शुद्धीवर आलीस आणि नर्सला म्हणालीस, “माझ्या भावाला लघवी झाली का?” तेव्हा मी हसले आणि मग इतकी रडले की नर्सने मला बाहेर काढलं.

आता खुशखबर. गुरुवारी डॉक्टरांनी खाण्याची नवी लिस्ट दिली. बाहेरचं नको, कच्चं नको, मीठ कमीच. पण टोमॅटो चालेल! पप्पांनी लिस्ट दोनदा वाचली आणि स्वतः भाजीच्या गाडीवर गेले, मास्क लावून. दीड किलो टोमॅटो आणले. काल पास्ता केला. तसाच लसूण, पण चार टोमॅटो बारीक चिरून त्यात गळेपर्यंत शिजवले, मग झिंगे. या वेळी थोडे जास्त शिजवले, डॉक्टरांनी पक्के शिजवा म्हटलंय. सॉरी, किंचित रबर झाले. वर पास्त्याचंच एक वाटी पाणी घातलं की रस दाट होतो.

पप्पांच्या मिशीला लाल रस लागला होता. मम्मीने त्यातला एक झिंगा खाल्ला. हो, मम्मीने. डोळे बंद करून.

आत्या, तू ज्या खोलीत झोपायचीस तिथे मी आता अभ्यास करते. मला वाटायचं, ‘कुणाचा जीव वाचवणं’ हे फक्त भाषणात असतं. पण ते असं असतं, की एक माणूस आंघोळ करून, भांग पाडून ऑफिसला जातो आणि संध्याकाळी येऊन विचारतो, आज जेवायला काय.

तुझी
लुंबिनी

पवनी
२ मे २०२५

लुंबिनी,

पुरे, पुरे. बघ, पत्रातही म्हणता येतं.

तुझं मराठी सुधारलंय. ‘खुशखबर’ चालेल, आपल्याकडेही म्हणतात.

तू सात तासांचं लिहिलंस ते वाचून मला वाईट वाटलं. तू एवढं ओझं घेऊन बसली होतीस आणि मला कळलं नाही. तेव्हा आता माझीही एक लपवलेली गोष्ट सांगते. गेल्या सप्टेंबरात तुला ते कडक पत्र लिहिलं ना, ते मी सकाळी पोस्टात टाकलं. पोस्टाला लागूनच तपासणीचं दुकान आहे. मी घरी न जाता तिथे शिरले आणि म्हटलं, रक्तगट आणि किडनीच्या सगळ्या तपासण्या करा. त्या मुलीने विचारलं, बाई, काही त्रास होतोय का? मी म्हटलं, हो, भावाचा.

म्हणजे राग खरा होता आणि तपासणीही खरी होती. दोन्ही एकाच सकाळी. तू पास्त्याचं पत्र लिहिलं नसतंस तर मला त्या दुकानात जायला आणखी वर्ष लागलं असतं, आणि संघूजवळ वर्ष नव्हतं. तेव्हा ते ओझं खाली ठेव.

माझी जखम भरली. उजव्या कुशीवर झोपते. सकाळी वैनगंगेपर्यंत चालत जाते.

आणि आभाराचं म्हणशील तर ऐक. तुझे आतोबा त्या आजारातून उठले, पण पुढच्या वर्षी गेले; तेव्हापासून मी उभ्यानेच जेवायचे. ओट्यापाशी, पातेल्यातूनच. एकटीसाठी ताट कशाला काढायचं? तुमच्याकडे साडेचार महिने होते. दोन्ही वेळा कुणीतरी हाक मारायचं, “आत्या, ताट वाढलंय.” तुझी मम्मी तर ऑफिसातून दमून आली तरी माझी भाकरी गरमच वाढायची. इथे परत आल्यावर पहिल्या दिवशी मी ताट घेतलं आणि खाली बसले. अजून बसते.

मयुराला सांग, तिने झिंगा खाल्ला हे वाचून मी एकटीच हसले.

तुझी
रमाआत्या

आर. के. पुरम
१६ नोव्हेंबर २०२५

ताई,

जय भीम. माझं अक्षर ओळखशील ना? ऑफिसात दिवसभर टिपण्या लिहितो, पण तुला पत्र मी शेवटचं कधी लिहिलं ते आठवत नाही. सकाळीच आपण फोनवर बोललो. तू विचारलंस, आवाज का असा, आणि मी सर्दी म्हणालो. सर्दी नाही.

काल मी पास्ता केला. मी स्वतः. लुंबिनीची परीक्षा चालू आहे आणि मयुराला ऑफिसात उशीर होणार होता. दोघी दमून येणार, म्हणून म्हटलं, करून बघू. तुझं ते झिंग्यांचं पत्र माझ्याजवळच आहे, आता घड्यांवर फाटायला आलंय. झिंगे सोलले, दोरे काढले. पंधरापैकी तेरा अख्खे निघाले. स्पॅगेटी पातेल्यात मावेना म्हणून मोडून टाकली, लुंबिनीने बघितलं असतं तर ओरडली असती. लसूण थोडा जळला. टोमॅटो गळेपर्यंत ढवळत उभा राहिलो. एकावन्न वर्षांचा झालो आणि कुणासाठी पहिल्यांदा स्वयंपाक केला. तो करताना मला आई आठवली, आणि जी गोष्ट मी मयुरालाही सांगितली नाही, ती तुला सांगायचीच असं ठरवलं. तुझ्या शरीराचा भाग घेतला, पण हे न सांगता घेतला. ते मला टोचत राहतं.

आई गेली त्या दिवशीची गोष्ट. हॉस्पिटलात कुठेच जागा नव्हती, तिला घरीच ठेवलं होतं. सकाळी सात वाजता तिने डोळे उघडले आणि म्हणाली, “संघू, रमी आली का रे?” बऱ्याच गाड्या रद्द होत्या. तू नागपूरला त्या बाकावर. मी काय सांगणार होतो? मी म्हणालो, “निघाली आई. रात्रीच नागपूरहून गाडीत बसली.”

तिला बरं वाटलं. थोड्या वेळाने विचारलं, “कुठवर आली?” मी म्हणालो, “भोपाळ गेलं.” दहाच्या सुमारास पुन्हा. मी म्हणालो, “झाशी.” तुला माहीत आहे, ती दरवर्षी त्या गाडीने यायची, तिला स्टेशनं पाठ होती. एकदा म्हणाली, “मग ग्वाल्हेर येईन आता.” मी हो म्हणालो. दुपारी आग्रा. प्रत्येक वेळी माझा आवाज फुटत होता आणि तिला तो कळत नव्हता, की कळत होता, मला माहीत नाही. शेवटी दोनच्या सुमारास मी म्हणालो, “मथुरा सोडलं आई, आता दोन-अडीच तास.”

ती म्हणाली, “भुकेली असन ती. काहीतरी गरम करून ठेव.”

हेच शेवटचं. त्यानंतर ती बोलली नाही.

ताई, मी काही केलं नाही. मला काही करता येतच नव्हतं, आणि तू येणार नव्हतीस. मी मरणाऱ्या आईशी खोटं बोललो. मग तुलाही पाच दिवस खोट्यात ठेवलं. लुंबिनीने तुला माझी बाजू सांगितली, पण ती अर्धीच बाजू आहे. खरं हे, की तुला फोन लावला असता तर तू विचारलं असतंस, आई शेवटी काय म्हणाली? आणि मला ते सांगता आलं नसतं. म्हणून नंबर लावून कट करत होतो. भाऊजींचं कारण खरं होतं, पण त्याच्यामागे हे होतं.

काल मयुरा आणि लुंबिनी जेवल्या. लुंबिनी म्हणाली, लसूण जळलाय पण मस्त आहे. मी बेसिनपाशी उभा राहून भांडी घासत होतो, त्यामुळे त्यांना दिसलं नाही.

तू मला जे दिलंस त्यावर मी ‘आभार’ लिहायला बसलो होतो. त्याच्याआधी हे लिहायला हवं होतं. क्षमा कर. आणि आभारही. दोन्ही एकदमच घे.

तुझा
संघू

पवनी
२५ नोव्हेंबर २०२५

संघू,

तुझं पत्र घेऊन मी घाटावर गेले होते. तिथेच वाचलं. दोनदा वाचलं.

साडेचार वर्षं मला एकच गोष्ट खात होती. आईला वाटलं असेल, रमीने मला टाकलं. शेवटच्या वेळी सगळे होते, फक्त रमी नव्हती, आणि का नव्हती हे कुणी तिला सांगितलंही नसेल. तुझ्यावरचा राग वरवरचा होता रे. खाली हे होतं.

आणि तू लिहितोस, खोटं बोललो.

अरे, ती मला टाकून गेली नाही. ती माझी वाट बघत गेली. भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत माझ्यासोबत प्रवास करत गेली. तिच्या मनात मी दोन-अडीच तासांवर होते आणि भुकेली होते. तू एकट्याने तिच्या उशाशी बसून मला मथुरेच्या पुढेपर्यंत आणलंस. माझी किडनी डॉक्टरांनी काढली आणि डॉक्टरांनी बसवली, त्यात माझं काय? मी झोपले होते. तू त्या दिवशी जे केलंस ते जागेपणी केलंस.

तुझे आभार मानते, संघू. मोठी बहीण लहान भावाचे मानत नाही, पण मानते.

दहा डिसेंबरच्या गाडीचं तिकीट काढलंय. नागपूरहून रात्री बसेन. स्टेशनवर यायची गरज नाही, तिथे गर्दी असते, तुला जपायला सांगितलंय. मी रिक्षाने येईन.

मथुरा सोडलं की फोन करते. काहीतरी गरम करून ठेव.

तुझी
रमाताई